पाण्याला परके, कार्बनी संयुगांना आपले : सच्छिद्र बहुवारिक अधिशोषके

अमेरिकेच्या आयोवा राज्यात एम्स नावाचे विद्यापीठाचे शहर आहे. तेथील विहिरीच्या पाण्याला नकोशी चव आणि वास येत होता. १९७०च्या सुमारास आयोवा स्टेट विद्यापीठातील ग्रेगर जंक, जेम्स फ्रिट्झ, हॅरी स्वेक आदी रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधण्याचे काम हाती घेतले. दोष उत्पन्न करणारे पदार्थ पाण्यात इतके विरळ होते की, नमुना थेट उपकरणात घालून काही हाती लागण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी कित्येक लिटर पाणी पांढऱ्या, रव्यासारख्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून सावकाश जाऊ दिले. पाणी निघून गेले आणि दोष मण्यांवर अडकून राहिला. नंतर ते मणी थोड्या ईथरने धुतले, ईथर उडवून दिला आणि जे उरले त्याची तपासणी केली. त्यात इंडीन, ॲसिनॅफ्थिलीन, मिथाइल नॅफ्थॅलीन अशी कोळशाच्या डांबरात सापडणारी संयुगे निघाली. त्यांचे पाण्यातील प्रमाण अब्जात काही भाग एवढेच होते. दोषाचा माग कोळशापासून वायू तयार करणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या जमिनीतील अवशेषांपर्यंत पोहोचला. हे संशोधन १९७२ साली प्रसिद्ध झाले आणि पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्रदूषके शोधण्याची एक नवी वाट मोकळी झाली.

या तपासात ज्यांनी कामगिरी बजावली ते मणी म्हणजे सच्छिद्र बहुवारिक अधिशोषके. बहुवारिक म्हणजे पॉलिमर. पाणी आणि कार्बनी संयुगे यांच्याशी हे पदार्थ अगदी भिन्न रीतीने वागतात आणि त्यांची सारी उपयुक्तता या भेदभावावर उभी आहे.

शोषण आणि अधिशोषण

स्पंज पाणी शोषतो तेव्हा पाणी त्याच्या अंतर्भागात शिरते. अधिशोषणाची गोष्ट वेगळी आहे. त्यात एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर द्रवातील किंवा वायूतील रेणू येऊन चिकटतात. साहजिकच पृष्ठभाग जितका मोठा, तितके अधिक रेणू त्यावर मावतात. पदार्थाचे वजन न वाढवता त्याचा पृष्ठभाग वाढवण्याचा उपाय म्हणजे त्याला असंख्य सूक्ष्म रंध्रे पाडणे.

या वर्गातील सर्वांत परिचित मणी अमेरिकेतील रोम अँड हास या कंपनीने 'अँबरलाइट एक्सएडी' या नावाने बाजारात आणले. त्यांपैकी एक्सएडी-२ या प्रकाराचे पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे ३०० चौरस मीटर, तर एक्सएडी-४ या प्रकाराचे सुमारे ७५० चौरस मीटर भरते. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. त्या हिशेबाने एक्सएडी-४च्या एका ग्रॅममध्ये जवळजवळ सहा मैदानांएवढा पृष्ठभाग दडलेला असतो. हे पृष्ठफळ अर्थातच फूटपट्टीने मोजता येत नाही. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला त्यावर किती नायट्रोजन बसतो हे मोजून ते काढतात. त्यामागील सूत्र ब्रूनॉअर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली मांडले.

मणी कसे घडतात?

स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेंझीन हे दोन तेलासारखे द्रव या मण्यांचा कच्चा माल होत. नुसत्या स्टायरिनच्या रेणूंची साखळी जोडली तर पॉलिस्टायरीन, म्हणजे नेहमीच्या वापरातील प्लॅस्टिक मिळते. डायव्हिनाइलबेंझिनच्या रेणूला मात्र जोडणीची दोन टोके असतात. त्यामुळे तो शेजारच्या साखळ्यांना आडव्या बंधांनी बांधून टाकतो आणि एक ताठ जाळे तयार होते. या मिश्रणात एक विद्रावक मुद्दाम मिसळतात. तो एकवारिकांना विरघळवतो, पण तयार होणाऱ्या बहुवारिकाला विरघळवत नाही. हे सारे पाण्यात ढवळत ठेवले की त्याचे बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंब आतून घट्ट होत जातो. घट्ट होताना बहुवारिकाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामधल्या फटींत विद्रावक अडकून राहतो. शेवटी तो काढून टाकला की त्या फटी कायमच्या रिकाम्या राहतात. मण्याचा व्यास साधारणतः पाव ते एक मिलिमीटर असतो, तर त्यातील रंध्रे काही नॅनोमीटर रुंदीची असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक्सएडी-४मधील सरासरी रंध्र सुमारे ५ नॅनोमीटरचे असते. पाण्याचा रेणू पाव नॅनोमीटरहून किंचित मोठा असल्याने आकारामुळे त्याला आत जाण्यास कोणतीही अडचण नसते. अडचण असते ती स्वभावाची.

पाणी दूर का राहते?

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन विद्युत्भार असतो. त्यामुळे शेजारचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडले जातात. द्रव पाण्यातील एक रेणू अशा रीतीने चार शेजाऱ्यांपर्यंत हात पसरू शकतो. काच, सिलिका किंवा मातीचे कण यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट असतात आणि पाणी त्यांच्याशीही तसेच बंध जोडते. म्हणून या वस्तू सहज ओल्या होतात.

पॉलिस्टायरिनच्या पृष्ठभागावर मात्र कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काही नसते. पाण्याला तेथे जोडून घेण्यासारखे ठिकाणच मिळत नाही. अशा भिंतीला टेकलेल्या रेणूला आपले काही बंध सोडावे लागतात आणि त्यांच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही. त्यामुळे पाणी भिंतीपेक्षा आपल्याच जातीच्या रेणूंना बिलगून राहणे पसंत करते. अळवाच्या पानावर पाण्याचे थेंब घरंगळतात त्याच्या मुळाशीही पाण्याची हीच नाखुशी असते. अशा पृष्ठभागांना जलविरोधी म्हणतात. येथे एक गैरसमज टाळायला हवा. पृष्ठभाग पाण्याला ढकलून देतो असे नाही, कारण दोहोंमध्ये क्षीण आकर्षण असतेच. पाण्याच्या रेणूंचे परस्परांविषयीचे आकर्षण त्याहून कितीतरी प्रबळ असते, एवढाच त्याचा अर्थ.

कार्बनी रेणू का चिकटतात?

आता या पाण्यात नॅफ्थॅलिनचा एखादा रेणू आहे अशी कल्पना करावी. तोही कार्बन व हायड्रोजन यांचाच बनलेला असतो. त्याला सामावून घेण्यासाठी पाण्याला आपल्या बंधांच्या जाळ्यात एक पोकळी करावी लागते आणि तिच्या कडेच्या रेणूंची मोकळीक कमी होते. हा रेणू मण्याच्या भिंतीला जाऊन चिकटला की पोकळी मिटते आणि अडकलेले पाण्याचे रेणू सुटे होतात. म्हणजे कार्बनी रेणू भिंतीवर जातो त्यात भिंतीच्या ओढीइतकाच, पुष्कळदा तिच्याहूनही अधिक, पाण्याच्या नकाराचा वाटा असतो. त्यात भर पडते ती भिंतीशी होणाऱ्या सलगीची. पॉलिस्टायरिनमध्ये बेंझिनची सपाट वलये असतात. बेंझीन, नॅफ्थॅलीन, फिनॉल यांसारखे वलययुक्त रेणू त्यांच्याजवळ दाटीने बसू शकतात.

यातून काही सोपे नियम निघतात. रेणूतील कार्बनी भाग जितका मोठा, तितका तो अधिक घट्ट धरला जातो. मिथेनॉल पाण्यातून जवळजवळ तसेच वाहून जाते, ब्यूटेनॉल काहीसे अडते, तर कार्बनची साखळी आणखी लांबली की ते अल्कोहोल चांगलेच चिकटते. पाण्यात जे मुश्किलीने विरघळते ते मण्यावर आनंदाने बसते. साखरेसारख्या, पाण्याशी अनेक बंध जोडणाऱ्या रेणूंना मात्र मण्याचे आकर्षण नसते. आणि ज्या रेणूवर पूर्ण विद्युत्भार असतो, म्हणजे जो आयन बनलेला असतो, त्याला पाणी सहसा सोडत नाही.

फिनॉलच्या उदाहरणात हा शेवटचा नियम फार उपयोगी पडतो. उदासीन किंवा अम्लधर्मी पाण्यात फिनॉलचा रेणू विद्युत्भाररहित असतो आणि मण्यांवर अधिशोषित होतो. पाणी तीव्र अल्कधर्मी केले की त्याचे आयन बनते आणि तो भिंत सोडून पाण्यात परत येतो. म्हणून फिनॉलने भरलेले मणी कॉस्टिक सोड्याच्या विद्रावाने धुऊन पुन्हा कामाला लावता येतात. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ सालच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फिनॉलवर्गीय संयुगांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात अवघा एक ग्रॅम. ही मर्यादा इतकी कडक ठेवण्याचे एक कारण असे की, पाणी शुद्ध करण्यासाठी घातलेल्या क्लोरिनशी फिनॉलचा संयोग होऊन औषधासारखा उग्र वास देणारी क्लोरोफिनॉले बनतात.

कोरड्या मण्याची पंचाईत

जो गुण मण्यांना उपयुक्त ठरवतो, तोच त्यांच्या कामात पहिला अडथळा आणतो. पॉलिस्टायरिनचे कोरडे सच्छिद्र मणी पाण्यात टाकले तर ते तरंगतात. रंध्रांत हवा असते आणि ओली होऊ न शकणारी भिंत पाण्याला आत शिरू देत नाही. दर ग्रॅमला ७५० चौरस मीटर पृष्ठफळ असले तरी पाणीच आत पोहोचले नाही, तर त्यातील प्रदूषकेही पोहोचणार नाहीत आणि मण्याचा केवळ बाहेरचा कवडीमोल पृष्ठभाग हाती राहील.

यावर उपाय म्हणजे मध्यस्थ. मिथेनॉल पॉलिस्टायरिनच्या भिंतीवर सहज पसरते आणि पाण्यातही पूर्णपणे मिसळते. म्हणून मणी आधी मिथेनॉलने भिजवतात. ते रंध्रांत शिरून हवेला बाहेर काढते. मग नळीतून पाणी सोडले की ते हळूहळू मिथेनॉलची जागा घेते आणि रंध्रे पाण्याने भरून जातात. यानंतरच खरा नमुना ओततात. त्या दरम्यान नळी कोरडी पडली तर रंध्रांत पुन्हा हवा शिरते आणि पकड घटते. प्रयोगशाळेत या नळ्यांवर पाण्याची पातळी राखण्याची दक्षता घेतली जाते ती यासाठी. एक्सएडी प्रकारचे मणी विक्रीला येतात तेही ओलेच. थोडक्यात, पाण्याचा तिरस्कार करणाऱ्या पृष्ठभागालाही काम करण्यासाठी पाण्याचे सान्निध्य लागते.

ही पंचाईत कमी करण्याचे आणखी मार्ग पुढे निघाले. एक्सएडी-७ आणि एक्सएडी-८ हे प्रकार स्टायरिनऐवजी ॲक्रिलिक एस्टरपासून बनवलेले होते. एस्टर गटातील ऑक्सिजनमुळे ते पाण्याला थोडे जवळ करतात. नदी-तलावांतील पाण्याला पिवळट-तपकिरी रंग देणारी ह्यूमिक अम्ले वेगळी काढण्यासाठी १९८०च्या दशकापासून एक्सएडी-८ हे जणू प्रमाण साधन ठरले. पाणी अम्लधर्मी केले की ही अम्ले त्यावर बसतात आणि अल्कधर्मी विद्रावाने सुटतात. १९९०च्या दशकात वॉटर्स या अमेरिकी कंपनीने डायव्हिनाइलबेंझिनला व्हिनाइलपायरोलिडोन या जलस्नेही एकवारिकाची जोड दिली. या मण्यांवर मध्येच हवा आली तरी फारसे बिघडत नाही. औषधांचे रक्तातील वा लघवीतील अंश मोजण्यासाठी त्यांचा वापर सर्वत्र होतो.

तिसरा मार्ग मॉस्कोत सापडला. वादिम दाव्हान्कोव्ह आणि मारिया त्स्युरुपा यांनी पॉलिस्टायरिनच्या साखळ्या फुगलेल्या अवस्थेत असतानाच त्यांना पराकोटीच्या संख्येने आडबंध घातले. विद्रावक काढल्यावर हे जाळे आवळून बसू पाहते, पण ताठ बंधांमुळे पूर्ण आवळू शकत नाही. त्याचे पृष्ठफळ दर ग्रॅमला १,००० चौरस मीटरच्या पुढे जाते. विशेष म्हणजे हा पदार्थ जलविरोधी असूनही पाण्यात फुगतो. जाळ्यात साठलेला ताण मोकळा होण्यासाठी त्याला कोणत्याही द्रवाचे निमित्त पुरते.

दमट हवेतील कसोटी

पाण्यातील कामगिरीइतकीच या अधिशोषकांची हवेतील कामगिरी महत्त्वाची आहे. भारताच्या २००९ सालच्या राष्ट्रीय मानकानुसार हवेतील बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. ते मोजण्यासाठी मान्य असलेल्या पद्धतींत अधिशोषकावर बेंझीन धरून, नंतर सोडवून, वायू क्रोमॅटोग्राफीने मोजण्याच्या पद्धतीचा समावेश आहे. आता पावसाळ्यातील मुंबईचा विचार करावा. ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. म्हणजे मर्यादेइतक्या बेंझिनच्या तुलनेत पाणी वजनाने जवळजवळ पन्नास लाख पट. अधिशोषकाने या गर्दीतून बेंझीन तेवढे निवडायचे असते.

सक्रियित कोळशाचे पृष्ठफळ मोठे असते, पण त्यावर ऑक्सिजनयुक्त गट विखुरलेले असतात. आर्द्रता वाढली की पाणी प्रथम त्या गटांवर बसते, मग पाण्यावर पाणी साचते आणि अरुंद रंध्रे भरून जातात. टेनॅक्स नावाचे बहुवारिक याबाबतीत सरस ठरते. ते फिनिलीन ऑक्साइड वर्गातील आहे. त्याचे पृष्ठफळ दर ग्रॅमला अवघे ३५ चौरस मीटरच्या आसपास, पण पाण्याची ओढ अत्यल्प. शिवाय ते सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसते. म्हणून त्यावर जमा झालेली संयुगे विद्रावक न वापरता केवळ तापवून सोडवता येतात. लहान पृष्ठफळाची किंमत मात्र मोजावी लागते. बेंझिनसारखा हलका रेणू त्यावर सैलच बसतो आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक हवा ओढली तर नळीच्या दुसऱ्या टोकाने निसटू लागतो. त्यामुळे पुष्कळदा टेनॅक्सच्या मागे अधिक जोमदार कार्बनी अधिशोषकाचा थर देतात.

पाण्याविषयीची ही अलिप्तता वायू क्रोमॅटोग्राफीतही कामी आली. डाउ कंपनीतील ओ. एल. हॉलिस यांनी १९६६ साली सच्छिद्र बहुवारिक मण्यांनी भरलेल्या नळीतून वायूंचे मिश्रण वेगळे करून दाखवले. पुढे हे मणी पोरापॅक नावाने रूढ झाले. पाणी १०० अंशांना उकळते आणि मिथेनॉल ६५ अंशांना. तरी पोरापॅक-क्यू या प्रकाराच्या नळीतून आधी पाणी बाहेर पडते आणि मग मिथेनॉल. काचेला वा धातूला चिकटून रेंगाळणारे पाणी येथे थांबायला जागाच न मिळाल्याने झटकन निघून जाते. अल्कोहोलमधील किंवा विद्रावकातील पाणी मोजणे त्यामुळे सोपे झाले. याच कुळातील ध्रुवीय गट असलेल्या पोरापॅक-टीसारख्या प्रकारांत मात्र पाणी जास्त काळ अडते. पृष्ठभागावरच्या चार-दोन ऑक्सिजन अणूंनी केवढा फरक पडतो, हे त्यावरून दिसते.

१९७६ साली मंगळावर उतरलेल्या दोन्ही व्हायकिंग यानांतील कार्बनी संयुगे शोधणाऱ्या उपकरणात टेनॅक्सवर आधारित नळी वापरली होती. माती तापवल्यावर निघणारे पाणी व कार्बन डायऑक्साइड आधी निघून जावेत, हा त्यामागील हेतू होता. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी यानातील सापळ्यांतही टेनॅक्स आहे. त्या यानाला क्लोरोबेंझीन आढळले तेव्हा शास्त्रज्ञांपुढे पहिला प्रश्न हा उभा राहिला की, ते मंगळाच्या खडकातील आहे की तापलेल्या टेनॅक्सच्याच विघटनातून आलेले? बारकाईने वजाबाकी केल्यावर, खडकातील कार्बनी द्रव्याचाही त्यात वाटा असल्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला.

कारखाना, रस आणि रक्त

औद्योगिक सांडपाण्यातून फिनॉल परत मिळवणे, किण्वनाच्या द्रवातून सेफॅलोस्पोरिन-सीसारखी प्रतिजैविके वेगळी करणे, संत्र्याच्या रसातील लिमोनिन व ग्रेपफ्रूटच्या रसातील नॅरिंजिन ही कडू द्रव्ये कमी करणे, अशी कामे हे मणी करतात. रसातील साखर पाण्याबरोबर पुढे जाते आणि कडूपणा मागे राहतो. पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची आयन एक्स्चेंज या कंपन्या भारतात आयन-विनिमय रेझिनांबरोबर अशी अधिशोषकेही तयार करतात.

१९७०च्या दशकात झोपेच्या औषधांचे अतिसेवन झालेल्या रुग्णांचे रक्त एक्सएडी-४च्या मण्यांवरून फिरवून विष काढण्याचे प्रयोग झाले. अलीकडे रक्तातील दाहकारक द्रव्ये काढण्यासाठी जलस्नेही आवरण दिलेले बहुवारिक मणी वापरतात. युरोपात अशा एका साधनाला २०११ साली मान्यता मिळाली. रुग्ण वाचवण्यात त्याचा वाटा किती, याबद्दल मात्र वैद्यकक्षेत्रात एकमत नाही.

'आढळले नाही' याचा अर्थ

या अधिशोषकांच्या मर्यादा त्यांच्या गुणांतूनच येतात. मिथेनॉल, फॉर्माल्डिहाइड यांसारखे लहान, पाण्यात सहज मिसळणारे रेणू साध्या पॉलिस्टायरिनच्या मण्यांतून निसटतात. अल्कधर्मी पाण्यातील अम्लवर्गीय प्रदूषकेही निसटतात. उलट, नव्या मण्यांत उरलेली एकवारिके व त्यांतील अशुद्धी नमुन्यात उतरून नसलेले प्रदूषक असल्याचा भास निर्माण करू शकतात. म्हणून मणी वापरण्यापूर्वी विद्रावकाने कसोशीने धुतात आणि प्रत्येक तपासणीबरोबर शुद्ध पाण्याची कोरी तपासणीही करतात. ज्ञात प्रमाणात घातलेले संयुग मण्यांवरून किती परत मिळते, हेही आधी पडताळतात.

पाण्याच्या किंवा हवेच्या तपासणी अहवालात एखाद्या संयुगापुढे 'आढळले नाही' असे लिहिलेले असते. त्याचा काटेकोर अर्थ असा की, वापरलेल्या अधिशोषकाने, त्या आम्लतेत, त्या आर्द्रतेत आणि तेवढ्या नमुन्यातून जे धरले, त्यात ते मोजण्याइतके नव्हते. अधिशोषकाची निवड चुकली तर दोष पाण्याबरोबर मुकाट्याने निघून जातो आणि अहवाल कोरा राहतो. एम्सच्या विहिरीतील संयुगे सापडली, कारण ती पाण्याला नकोशी आणि मण्यांना हवीशी होती. जी संयुगे पाण्याला हवीशी असतात, त्यांच्यासाठी वेगळा सापळा लावावा लागतो.